आधी तित्तिर बोलतो, मग बंदूक

फुएन्सेका, ६ जानेवारी १९६३

प्रिय कासियानो,

आज तीन राजांचा सण, त्यांनी तुला भेट काय आणली? मला लोकरीचे पायमोजे आणले, म्हणजे रेमेदियोसने विणले आणि नाव राजांवर घातलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ही बाई मला देताना दुसऱ्याच्या हातानेच देते.

तू सबादेलला लेकीकडे गेल्यापासून तुझं एकच पत्र आलं, तेही लेकीच्या अक्षरात, आणि त्यातलं निम्मं हवेवर. हवेवर लिहायला एवढं लांब कशाला जायचं, गड्या? हवा इथेही आहे. आज तर इतकी आहे की माझ्या तेलाच्या घाण्यावरचं पत्र्याचं छप्पर सकाळपासून टाळ्या वाजवतंय.

तू का लिहीत नाहीस ते मला कळतं. म्हणून मीच तो विषय काढतो, म्हणजे तुला लिहिता येईल. वकील गेला, माझा तित्तिर. मी कोर्दोबाच्या इस्पितळात हर्निया शिवून घेत पडलो होतो, पिंजरा तुझ्याकडे होता, आणि तुझ्या ओसरीवरून त्याला मांजराने नेला. पिंजरा तुझ्याकडे ठेवला, कारण या गावात दुसऱ्या कुणाकडे मी माझी टोपीसुद्धा ठेवली नसती. मांजर कुणाच्याही ओसरीवर चढतं. माझ्या ओसरीवर चढलं असतं तर मी काय स्वतःला टांगून घेतलं असतं? तू मात्र दारात उभा राहून, रुमालात बांधलेली ती मूठभर पिसं पुढे करून असा रडलास, की टाके माझ्या पोटाला होते आणि सावरायचं मला तुला होतं.

ती पिसं बदामाखाली पुरणार होतो. पुरली नाहीत. तंबाखूच्या डब्यात ठेवली आहेत. रेमेदियोस म्हणाली, "माझी आई गेली तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं तुमच्या, आणि एका पाखरापायी उशी भिजवताय."

मी म्हटलं, "तुझ्या आईनं मला कधी रानातला तित्तिर बंदुकीसमोर बोलावून दिला होता का?"

त्यानंतर बरेच दिवस मला सूप गारच मिळालं.

पण तू आठव. कापणीत सापडलेलं पिल्लू, तुझ्याच टोपीतून घरी आणलेलं. पहिल्या हंगामाला त्याला दगडी ओट्यावर ठेवला, पिंजऱ्यावरची खोळ काढली, आणि त्याने समोरच्या उतारावरच्या म्हाताऱ्या नराशी असा वाद घातला की तो बिचारा स्वतःच्या पायांनी चालत येऊन उभा राहिला. तू माझ्या कानात म्हणालास, "हा तित्तिर नाही, वकील आहे." तेच नाव पडलं.

जमीनदार डॉन फर्मीनने त्याच्यासाठी काय काय देऊ केलं ते तुला पाठ आहे. आधी खेचर, मग सोनेरी घड्याळ, शेवटी जत्रेत सगळ्या गावासमोर माझ्या खांद्यावर हात. तो हात सगळ्यांत महाग होता. मी लहानपणी ज्याच्या बापाच्या बकऱ्या राखल्या, ज्याच्या दारात माझा बाप टोपी हातात घेऊन उन्हात उभा राहायचा, त्याला मी हसत हसत म्हटलं, "साहेब, एवढा पक्षी सोडून बोला." घाणा उभा केला, टेकडी घेतली, पण त्या एका वाक्याएवढा उंच मी दुसऱ्या कशाने झालो नाही. तू शेजारीच होतास. माझ्या बरगडीत कोपर मारलंस.

बरं, चांगली बातमी. तुझा दामियान साहेबाच्या मद्रोन्यालच्या रानात रखवालदार म्हणून रुजू झाला. डॉन फर्मीनने घरही दिलंय, विहिरीजवळचं. मजुरीसाठी काढलेलं जर्मनीचं तिकीट त्याने चुलीत घातलं, त्याच्या निएवेसला आता सातवा महिना चालू आहे. तुझ्या पोराला बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून मी हातांत धरला होता, म्हणून माझं ऊर तुझ्याइतकंच भरून आलं. साहेबाला एवढी दया कुठून आली देव जाणे. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात. मी वाट बघतोय माझ्या पाळीची.

शिकारीच्या हंगामाला ये. लपणात दोघांची जागा आहे. मांजराचं नाव मी काढणार नाही.

तुझा,
अन्सेल्मो

फुएन्सेका, ३ फेब्रुवारी, सान ब्लास

प्रिय कासियानो,

आज घशाच्या संताचा दिवस. बायका पोरांच्या गळ्यांसाठी फिती चर्चमध्ये आशीर्वाद घेऊन आणतात, तशी मी एक नव्या तित्तिराच्या पिंजऱ्याला बांधली. पाद्री इग्नासियोंनी विचारलं, "ही कुणासाठी, अन्सेल्मो?" मी म्हटलं, "घरात एक मुका आहे, फादर." ते म्हणाले, "रेमेदियोस मुकी झाली?" सगळं चर्च हसलं. सर्वांत मोठ्याने ती हसली.

नव्याचं नाव पाद्रीबुवा ठेवलंय. दिसायला रुबाबदार, लाल चोच, लाल पाय, गळ्याभोवतीचा काळा पट्टा जसा काही आजच इस्त्री केलेला. पण परवा समोरून मादी आली, अगदी नटून आली, आणि या महाशयांनी तिच्याकडे पाठ केली आणि गहू टिपत बसले. मी आडोशात बसून तोंडात टोपी कोंबली, हसू बाहेर फुटू नये म्हणून.

तरी मी रोज जातो. तुला सांगायला नको. पाठीवर पिंजरा, त्यावर खोळ, आणि पायवाटेवर दवात भिजलेली रोजमेरी गुडघ्यांना घासते. मग दगडाआड बसायचं आणि उजाडायची वाट बघायची. रेमेदियोसच्या भावाला, त्या शहरी माणसाला, हे कधी कळलं नाही. तो म्हणतो, एका पक्ष्यासाठी सगळी सकाळ थंडीत? खाटकाकडे जा की. त्याला कसं सांगू की आपण बार काढतो तो सगळ्यांत शेवटचा आणि सगळ्यांत छोटा भाग. आधी मोठी हाक, मग उतारावरून उत्तर, मग दोघांची शिवीगाळ, मग आपला पक्षी आवाज खाली आणतो, आणखी खाली, जसं दोन माणसं भांडता भांडता अचानक गुपित सांगायला लागतात. तो समोर येऊन उभा राहतो, आणि आपला त्याच्याशी अगदी हळू बोलू लागतो. तेव्हा, आणि तेव्हाच. माझा बाप म्हणायचा, आधी तित्तिर बोलतो, मग बंदूक. तो गप्प असताना बार काढलास तर त्याच्या दृष्टीने तू त्याच्या घरात शिरून त्याच्या पाहुण्याला मारलास. असा पक्षी पुन्हा तुझ्यासाठी तोंड उघडत नाही.

आणि बार नीट बसला, की मग ते दुसरं. समोर पडलेल्यावर आपला जे गातो ते. कुजबुजच ती, जणू तो अजून ऐकतोय. आपले लोक त्याला मर्तिक म्हणतात. वकिलासारखं मर्तिक कुणीच गायलं नाही. मी बंदूक खाली ठेवून ते संपेपर्यंत हलत नसे, आणि तू टोपी काढायचास.

काल मी माझ्या टेकडीच्या टोकाला बसलो होतो, ओढ्याच्या बाजूला. पलीकडे मद्रोन्याल. वारा तिकडून येत होता. पलीकडच्या आडोशातून कुणाचा तरी तित्तिर बोलला. बराच वेळ बोलला.

जाऊ दे. वाऱ्यात काहीही ऐकू येतं.

दामियान भेटला होता बाजारात. घाईत होता. माझ्या हातात चेस्टनटची पिशवी कोंबली आणि पोस्टात जायचंय म्हणून निघाला. पोस्ट रविवारी बंद असतं हे मी त्याला सांगणार होतो.

तुझी शेजारीण ब्रिहिदा तुला नमस्कार सांगते. तुझी ओसरी तीच झाडते अजून.

सहज विचारतो, ते मांजर कोणत्या रंगाचं होतं?

तुझा,
अन्सेल्मो

फुएन्सेका, १७ फेब्रुवारी

कासियानो,

उत्तर लवकर आलं. "काळं. ब्रिहिदाचं." दोनच शब्द, आणि या वेळी तुझ्या स्वतःच्या हातचे. तुझं अक्षर मी ओळखतो, 'ब' काढताना तुझा हात जड पडतो.

मी ब्रिहिदाकडे गेलो. बटाटे सोलत होती. मांजर चुलीपाशी पसरलं होतं, काळंच आहे, ते खरं.

मी म्हटलं, "ब्रिहिदा, तुझ्या या सैतानानं माझा तित्तिर खाल्ला म्हणे."

ती म्हणाली, "हा? अन्सेल्मो, याचं तोंड उघडून बघ. एकही दात नाही. मी याला दुधात पाव कुस्करून भरवते, माझ्या म्हाताऱ्याला भरवायचे तसा. यानं तित्तिर खाल्ला असेल तर मी उद्या पोपशी लग्न लावते."

मी तोंड उघडून बघितलं. गावात हसू होईल, पण बघितलं.

त्याच्या आधीच मला ठाऊक होतं, आणि तुलाही ठाऊक आहे की मला ठाऊक असणार. माझ्या कानांची तू चौघांत फुशारकी मारायचास. अन्सेल्मोला घाण्याच्या आवाजावरून ऑलिव्ह कुठल्या उताराचं ते कळतं, म्हणायचास. मग माझा पक्षी ओढ्याच्या पलीकडे ठेवताना तू काय धरून चाललास? की मी बहिरा होईन? की कोर्दोबात मरेन?

वकील तीन हाका स्वच्छ देतो, आणि चौथीला अडखळतो. पाद्री इग्नासियो आमेनच्या आधी खोकतात तसा. जगात दुसरा तित्तिर असा नाही. त्या दिवशी मी ते वाऱ्यावर घातलं. मग पुन्हा गेलो, वारा नव्हता. पाद्रीबुवांची खोळ काढलीच नाही. नुसता ऐकत बसलो. तीन, आणि अडखळ. तीन, आणि अडखळ. मी वेड्यासारखा हसत होतो, कारण तो जिवंत होता, कासियानो. तू माझा असा घात केलास की कळल्यावर माझ्या मनात पहिला आला तो आनंद. एवढा हिशेबी घात तुला जमेल असं मला वाटलं नव्हतं.

मग उतारावरून उत्तर आलं, जवळ येऊ लागलं. वकील अजून मोठ्या हाकेतच होता, आवाज खाली आणलाच नव्हता, आणि पलीकडून बार झाला. चुकला. पंख फडफडल्याचं मला इथवर ऐकू आलं. वकील गप्प. मी दुपारपर्यंत बसलो. एक शब्द नाही.

तुझ्या साहेबाने त्याच्या घरात शिरून बंदूक चालवली.

मद्रोन्यालमध्ये कुणाला घर मिळालं, कधी मिळालं, आणि माझा पक्षी कधी मेला, हे मी नंतर शेजारी शेजारी ठेवून बघितलं. घाणा चालवतो मी, अशा गोष्टी मला बोटांवर येतात. जत्रेतल्या त्या वाक्याची आठवण कर. मी आयुष्यात त्या घराला एकदाच 'नाही' म्हणालो. ते 'नाही' तू पिंजऱ्यासकट नेऊन त्याच्या दारात ठेवलंस. आता तो सकाळी कॉफी पिताना माझ्या त्या 'नाही'कडे बघत असेल.

मागितला असतास तर दिला असता, असं लिहिलं होतं. खोडलं. दिला नसता. दामियानसाठी मी दुसरं काहीही केलं असतं, घाण्यावर ठेवला असता, टेकडीचा तुकडा लिहून दिला असता. पण मागायला हवं होतंस, म्हणजे मला 'नाही' म्हणता आलं असतं, आणि तुला माझ्यावर चिडता आलं असतं. मित्रांना तेवढं तर असतं.

रेमेदियोसला सांगितलेलं नाही. ती तुझ्या लेकीसाठी क्विन्सच्या फळांचा मुरंबा बांधतेय. बांधू दिला.

अन्सेल्मो

फुएन्सेका, ५ मार्च

दामियानच्या बापास,

तुझं पत्र मिळालं. लांब आहे. मी ते घाण्यावर उभ्याने वाचलं, बसायची इच्छा झाली नाही.

तू लिहितोस, "पोरगा जर्मनीला गेला असता तर नातवाला मी फोटोत बघितला असता." खरं आहे. तू लिहितोस, "साहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं, पक्षी आण आणि घराची किल्ली ने." हेही खरं असणार, त्यांची बोलायची रीत मला माहीत आहे. तू लिहितोस, "शेवटी तो माझ्याच टोपीतून घरी आला होता." इथे मी वाचायचं थांबलो आणि थोडा वेळ घाणा फिरताना बघितला. आणि मग तू लिहितोस, "एक पक्षीच तर होता, अन्सेल्मो." हे तू लिहायला नको होतंस. बाकीचं मी गिळलं असतं.

आता जे झालं ते ऐक, मग पुन्हा लिहू नकोस.

डॉन फर्मीनने मला बोलावणं पाठवलं. दामियानच घेऊन आला. दारात उभा राहिला, टोपी हातात, माझा बाप उभा राहायचा तसा, आणि मी म्हटलं, "आधी ती टोपी डोक्यावर घाल."

वाटेत तो म्हणाला, "काका, मला नंतर कळलं. शपथ. आधी कळलं असतं तर—"

"तर काय?"

त्याने विहिरीजवळच्या घराकडे बघितलं. प्रामाणिक पोरगं आहे. कुणावर गेलंय कळत नाही.

विहिरीजवळून गेलो. निएवेस उंबऱ्यात बसून मटार सोलत होती, पोट मांडीवर आलेलं. तिने हात केला. दारावर नवीन रंग, निळा. अजून ओला वास येत होता.

डॉन फर्मीन अंगणात उन्हात बसले होते, पुढ्यात बडीशेपेची दारू. भिंतीवर पिंजरा. खोळ नव्हती. मी तिकडे बघितलं नाही, खुर्चीकडे बघितलं.

"ये, अन्सेल्मो. बस. तू आता बसणारा माणूस झालास."

"साहेबांची कृपा."

"हा एक तित्तिर आहे माझ्याकडे. सुरुवातीला असा बोलायचा की काय सांगू. आता महिना होत आला, मुका. तुझ्या कानाला विचारावं म्हटलं. काय झालं असेल याला?"

मी म्हटलं, "साहेब, बंदुकीनं त्याचं बोलणं तोडलं असेल मधेच. मानी जात आहे ही."

हे बोलायलाच नको होतं. त्यातला एकही शब्द पक्ष्यासाठी नव्हता. पण आवाज माझा होता. पिंजऱ्यात हालचाल झाली, तो तारेपाशी आला, मान ताणली, आणि जी हाक त्याने महिनाभर कुणाला दिली नव्हती ती दिली. तीन स्वच्छ, आणि चौथीला अडखळ.

दामियानने भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉन फर्मीन हसले. मोठं हसले नाहीत, ते कधीच मोठं हसत नाहीत. "वा. तुला ओळखतो की काय?"

"पक्षी आहे, साहेब. कुणालाही हाक मारतो."

"नाही नाही. नीट बघ. तुझा असला तर सांग, आत्ता घेऊन जा. चोरीचा माल मी घरात ठेवत नाही. फक्त चोर कोण ते शोधावं लागेल मला, आणि चोराच्या माणसांना मी माझ्या घरात कसं राहू द्यायचं?" त्यांनी विहिरीकडे हात केला, निळ्या दाराकडे, सहज, माशी हाकलावी तसा. "आणि तुझा नसेल, तर हा मुका माझ्या काही कामाचा नाही. रविवारी पाहुणे आहेत, भातात जाईल."

तेव्हा मला समजलं की त्याला पक्षी कधीच नको होता. त्याला जत्रेतलं ते वाक्य हवं होतं, माझ्या तोंडून, उलटं करून. आणि तू त्याला ते मिळवायचा रस्ता करून दिलास. हे सगळं तुला माहीत नव्हतं, मी मानतो. तू भाबडा आहेस. माझ्या भाबड्या मित्राने मला जेवढं विकलं, तेवढं कुठल्या लबाडाला जमलं नसतं.

पिंजऱ्यातून वकील माझ्याकडे बघत होता, डोकं एका बाजूला करून, पुढची तारीख मागत असल्यासारखा. मी हात पुढे केला असता तर तो पाठीवर असता आणि आम्ही घरी असतो. आणि महिन्याभरात दामियान जर्मनीत, ड्युसेलडॉर्फमध्ये असता, आणि तुझा नातू एका भाड्याच्या खोलीत जन्माला येऊन तुला फोटोत दिसला असता.

मी म्हटलं, "नाही साहेब. माझा नाही."

"खात्री आहे?"

"माझा मांजरानं खाल्ला. पिसं घरी आहेत."

तुझं खोटं, कासियानो. तू रचलंस, आणि शेवटी खोटी साक्ष द्यायला मला उभं केलंस. आणि मी दिली. चांगली दिली. डॉन फर्मीनचा चेहरा पडला नाही, पण ग्लास उचलताना त्यांचा हात मधेच थांबला. त्यांना वाटलं होतं मी मागेन. एवढंच त्या सकाळी माझ्या पदरात पडलं.

उठताना मी पिंजऱ्याकडे बघितलं नाही. तुला सांगतो, हर्नियाला चिरलं तेव्हा डॉक्टरांनी मला गुंगी तरी दिली होती.

दामियान फाटकापर्यंत आला. म्हणाला, "काका, मी पिंजऱ्याचं दार चुकून उघडं ठेवलं तर—"

मी म्हटलं, "रखवालदाराच्या हातून काही चुकून होत नसतं. पोर जन्मलं की कळव. बाप्तिस्म्याला त्याला हातांत धरायला दुसरा कुणी बघ." त्याने मान हलवली. समजला.

रविवारी मद्रोन्यालमध्ये काय शिजलं ते मी विचारलेलं नाही. तूही मला सांगू नकोस.

सोबत तंबाखूचा डबा पाठवतोय. त्यात तू दिलेली पिसं आहेत. ती कुठल्यातरी तित्तिराची आहेतच. तुझं खोटं खरं वाटावं म्हणून तू कुणाला तरी मारलंस, तो कोण होता हे तुझ्या लक्षात असेल तर त्याला पुर.

फाटक ओलांडून ओढ्याकडे उतरत होतो तेव्हा मागून आवाज आला. मोठी हाक नव्हती. खाली आणलेला, अगदी हळू, कुजबुजीसारखा, जणू समोरचा अजून ऐकतोय. तू असतास तर टोपी काढली असतीस. मी चालत राहिलो आणि तो गात राहिला, ओढा ओलांडेपर्यंत, आणि सकाळपासून मद्रोन्यालमध्ये कुणी बार काढलेला नव्हता.

अन्सेल्मो काबानियास